गोष्टींसाठी चित्रं काढून जगायचं ठरवलंय? मग सुरुवात अशी करा

भिंतीवर लावायच्या चित्राचा विषय चित्रकार स्वतः ठरवतो. पुस्तकातल्या चित्राचं तसं नसतं. त्याचा विषय कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला असतो, लांबी-रुंदी प्रकाशकाने ठरवलेली असते आणि ते कुठल्या कागदावर उमटणार हे छापखान्याच्या हातात असतं. या सगळ्यांनी आखून दिलेल्या जागेत आपलं काहीतरी म्हणायचं, हे या कामाचं सुख आहे. ज्यांना ही चौकट जाचते त्यांनी खुशाल कॅनव्हासकडे वळावं. ज्यांना तिच्यात गंमत वाटते त्यांच्यासाठी हा लेख आहे. नोकरी न धरता मराठी पुस्तकं, मासिकं आणि दिवाळी अंकांसाठी घरून काम करायचं तर काय काय करावं लागतं, ते क्रमाने सांगते.

आपल्या मागे मोठी परंपरा आहे. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि सजवलेला अंक हातात घेण्याची सवय मराठी वाचकाला लागली. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोघा गोव्याच्या चित्रकारांनी मुखपृष्ठं घरोघरी पोचवली. दलालांनी तर १९४५ साली स्वतःचं ‘दीपावली’ सुरू केलं. हे जुने अंक रद्दीच्या दुकानात, वाचनालयात अजून सापडतात. ते नुसते चाळू नका, भिंग घेऊन बघा. साध्या, खरखरीत कागदावर रेघ कुठे जाड ठेवलीय, चेहऱ्याच्या सावलीसाठी किती कमी रेषा पुरल्यात, मजकुराच्या दोन रकान्यांमध्ये चित्र कसं बसवलंय. हे शिक्षण फुकट आहे.

पदवी लागते का, हा प्रश्न सगळेच विचारतात. मुंबईचं जे. जे. किंवा पुण्याचं अभिनव अशा कला महाविद्यालयात शिकायला मिळालं तर उत्तमच. चांगले शिक्षक, चांगले वर्गमित्र मिळतात आणि चार वर्षं हात चालता राहतो. पण संपादक प्रमाणपत्र मागत नाही, कामाचे नमुने मागतो. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षा दिलेल्या, पुढे वाणिज्य शाखेतून बाहेर पडलेल्या माणसालाही ही दारं उघडी असतात. फक्त नमुने दमदार हवेत.

नमुने कसे निवडायचे

नवख्यांच्या नमुन्यांत बहुतेक वेळा सुटी सुटी सुंदर चित्रं असतात. एक मोर, एक वारकरी, एका अभिनेत्रीचा चेहरा, एक निसर्गदृश्य. यातून तुमचा हात कळतो, पण तुम्हाला गोष्ट सांभाळता येईल का ते कळत नाही. संपादकाला नेमकं तेच बघायचं असतं. पहिल्या पानावरची मुलगी बाराव्या पानावर तीच वाटते का? ती रडते, पळते, पाठमोरी बसते तेव्हा ओळखू येते का? म्हणून बारा ते पंधरा चित्रं पुरेत, पण त्यांतली निम्मी तरी एकाच गोष्टीची असू द्या.

गोष्ट कुठून आणायची? बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. त्यातली एखादी गोष्ट घ्या, तिची छापलेली चित्रं न बघता आधी स्वतःची काढा आणि मग ताडून पहा. हा सराव महिनाभर केला तरी फरक दिसतो. मात्र ती चित्रं बाहेर दाखवताना ‘सरावासाठी’ असं स्पष्ट लिहा. छापून आल्याचा आभास निर्माण करू नका. हे क्षेत्र लहान आहे, सगळे एकमेकांना ओळखतात.

संचात तीन गोष्टी हव्यातच: नुसत्या काळ्या रेषेतली चित्रं (दिवाळी अंकांची आतली पानं अजूनही बरीचशी एकरंगी असतात), रंगीत पूर्ण पान, आणि शीर्षकासह केलेलं एक मुखपृष्ठ. शीर्षकासह असं मुद्दाम म्हणते, कारण देवनागरी अक्षरांना उंचीची जागा लागते. ‘सूर्यफुलं’ हा एकच शब्द चित्रावर लिहून बघा. वर रफार आणि अनुस्वार, खाली एक दीर्घ आणि एक ऱ्हस्व उकार. रोमन लिपीतल्या मुखपृष्ठांवरून जागेचा अंदाज बांधणाऱ्याची इथे हमखास कोंडी होते आणि मग डीटीपीवाला (संगणकावर पानं जुळवणारा) अक्षर आक्रसून कुठेतरी कोपऱ्यात बसवतो.

काम मागायला जाताना

कुणाकडे जायचं याचं उत्तर पुस्तकातच छापलेलं असतं. आवडलेल्या पुस्तकाचं श्रेयपान उघडा. प्रकाशकाचा पत्ता, ईमेल, मुखपृष्ठ कुणाचं, आतली चित्रं कुणाची, मांडणी कुणाची, सगळं तिथे असतं. दिवाळी अंकात ‘सजावट’ या शब्दापुढची नावं वाचा. वीस-पंचवीस अंकांची अशी वही केलीत की कोण कुठल्या शैलीला जागा देतं ते आपोआप उमगतं.

वेळ साधणं महत्त्वाचं. दिवाळी अंकांची जुळवाजुळव गुढीपाडव्यानंतर हळूहळू सुरू होते, मजकूर पावसाळ्यात येऊ लागतो, आणि गणपती बसले की संपादकाला श्वास घ्यायलाही फुरसत नसते. भाद्रपदात पाठवलेला ईमेल चांगला असला तरी वाचला जात नाही. चैत्र-वैशाखात लिहा. ईमेल चार ओळींचा ठेवा, सोबत पाच-सहा चित्रं एका हलक्या पीडीएफमध्ये जोडा, बाकीच्यांसाठी दुवा द्या. आपल्याला त्यांचा कुठला अंक किंवा कुठलं पुस्तक आवडलं ते एका वाक्यात लिहा, पण ते खरं असू द्या. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा आणि मग पुढच्या वर्षी नव्या चित्रांसह या.

पुस्तकं आणि अंकांखेरीज पाठ्यपुस्तकांना पूरक पुस्तिका, आरोग्य-शेती-शिक्षणात काम करणाऱ्या संस्थांचं साहित्य, दिनदर्शिका, संग्रहालयांची माहितीपत्रकं, हेही सगळं कथाचित्रकाराचंच काम आहे. संस्थांचं काम दिखाऊ नसतं, पण मानधन बऱ्याचदा अंकांपेक्षा बरं असतं. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ संकेतस्थळावरची पुस्तकं तर खुल्या परवान्याखाली मोफत आहेत. मराठीसकट कितीतरी भाषांतल्या गोष्टींना देशभरातले चित्रकार कसे भिडतात ते तिथे एका जागी बघायला मिळतं.

फोन आला, काम मिळालं: आधी काय विचारायचं

आनंदाच्या भरात ‘हो’ म्हणून फोन ठेवू नका. किती चित्रं, रंगीत की एकरंगी, पुस्तकाचा आकार काय, कागद कुठला, मजकूर अंतिम झालाय का, कच्ची चित्रं कधी हवीत आणि पक्की कधी, बदल कोण सांगणार, मानधन किती आणि कधी. एवढं विचारून घ्या आणि त्याच दिवशी ईमेलवर लिहून पाठवा. ‘मजकूर अंतिम झालाय का’ हा यातला सर्वांत महागडा प्रश्न. लेखक अजून फिरवाफिरव करत असेल तर तुमची तीन पक्की चित्रं बाद होऊ शकतात.

वाचन, म्हणजे अर्धं काम

माझ्या मते कथाचित्रकार हा आधी वाचक असतो. बाकी सगळं त्यानंतर. हातात पेन्सिल न घेता मजकूर एकदा सरळ वाचा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचा आणि फक्त दिसणाऱ्या गोष्टींखाली रेघ मारा: वेळ, ऋतू, कपडे, वस्तू, कोण कुठे बसलंय. तिसऱ्या वाचनात लेखकाने काय सांगितलेलं नाही ते शोधा. तुमची जागा तिथे आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा गोष्ट अशी आहे: साल १९८५ च्या आसपासचं. आजी नातवाला घेऊन तालुक्याच्या एसटी स्टँडवर बसलीय, लेकीच्या गावी जायचंय. गाडी येते, गर्दी उसळते, दोघं कशीबशी चढतात आणि गाडी सुटल्यावर कळतं की पोराची एक चप्पल स्टँडवरच राहिली. संपादकाला एक पूर्ण पान चित्र हवंय.

पहिला विचार कुणालाही येईल तो म्हणजे धावती गाडी, खिडकीतून रडणारा मुलगा आणि खाली पडलेली चप्पल. हे सगळं तर मजकुरातच आहे. वाचक ओळ वाचतो आणि तेच पुन्हा चित्रात बघतो. त्याऐवजी आधीचा क्षण घ्या. बाकावर बसलेला मुलगा पाय हलवतोय, एक चप्पल अंगठ्यावर लोंबकळतेय. आजीचं लक्ष रस्त्याकडे. मजकुरात चप्पल सुटण्याचा उल्लेख अजून यायचाय, पण चित्र बघणाऱ्या पोराच्या मनात ती चप्पल रुतून बसते. पुढचं पान उलटल्यावर त्याला वाटतं, मला माहीत होतं! लहान वाचकाला हा अनुभव देणं फक्त चित्रालाच जमतं.

आता तपशील. १९८५ म्हणजे कंडक्टरच्या हातात तिकिटं देणारं यंत्र नको. तिकिटांची पेटी आणि टकटक वाजणारा चिमटा हवा. आजीच्या पिशवीत प्लॅस्टिकची बाटली नको, फिरकीचा तांब्या चालेल. एसटी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिल्यांदा धावली आणि तेव्हापासून गाडीची घडण बदलत आली आहे, त्यामुळे ‘लाल डबा’ काढून मोकळं होता येत नाही, त्या काळातले फोटो शोधावे लागतात. आजीचं लुगडं नऊवारी, हे झालं. पण पदर डोक्यावर की खांद्यावर, काष्टा कसा, हे गावागणिक आणि समाजागणिक बदलतं. लेखकाला विचारा आजी कुठली. लेखकांना हा प्रश्न आवडतो. कुणीतरी आपली गोष्ट नीट वाचली, हे त्यातून त्यांना कळतं.

संदर्भासाठी इंटरनेटच्या आधी घरातले अल्बम काढा. मावशीच्या लग्नातल्या फोटोच्या कोपऱ्यात जो स्टोव्ह दिसतो तो इंटरनेटवर मिळत नाही. पुण्यात असाल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात वही घेऊन जा. दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे, म्हणजे रोजच्या वापरातल्या वस्तूंचा इतका साठा एका छताखाली मिळणं दुर्मीळ. फोटोवरून चित्र उतरवण्यापेक्षा वस्तूसमोर बसून रेखाटलेली वस्तू पुढे चित्रात जिवंत राहते, कारण तिचं वजन हाताला कळलेलं असतं. आणि संदर्भ म्हणून दुसऱ्याचा फोटो जसाच्या तसा उतरवू नका. तो कुणाच्या तरी मालकीचा असतो.

एक गोष्ट कळकळीने सांगायचीय. आपल्या गोष्टींतली मुलं उगाच गोरी रंगवू नका. ‘जरा उजळ करा’ अशी सूचना कधीतरी येतेच. मजकुरात कारण नसेल तर नम्रपणे, पण ठामपणे विचारा की का. माण तालुक्यातल्या उन्हात वाढलेल्या मुलीला तिच्यासारखी दिसणारी मुलगी पुस्तकात सापडली पाहिजे. तपकिरी रंगाच्या छटा सुंदर असतात, छपाईत त्या सांभाळायला कष्ट पडतात, ते कष्ट घ्या.

कच्चं ते पक्कं

आधी पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोड्या मोठ्या चौकटी आखा आणि त्यांत आठ-दहा वेगवेगळ्या रचना काढा. इतक्या लहान आकारात चेहरे, बोटं, दागिने काढताच येत नाहीत. त्यामुळे मोठे आकार कुठे बसतात, नजर कुठून कुठे जाते एवढाच विचार होतो. पहिल्या दोन चौकटी बहुधा सवयीतून येतात. खरी रचना पाचव्या-सहाव्याच्या पुढे हाती लागते, म्हणून लवकर थांबू नका. प्रत्येक चौकटीत मजकुराची जागा रेघा मारून दाखवा. मजकूर नंतर ‘कुठेतरी बसेल’ असं धरून चाललात तर तो नेमका आजीच्या तोंडावर बसतो.

यातली एक-दोन निवडून खऱ्या आकारात कच्चं चित्र करा आणि संपादकाला पाठवा. फार चकचकीत करू नका, पण अर्धवटही नको. कोण कुठे, हावभाव काय, हे कळायला हवं. मान्यता लेखी येईपर्यंत रंगाला हात लावायचा नाही. पुस्तक मोठं असेल तर या टप्प्यावर सगळ्या पानांची छोटी डमी शिवा. साधे कागद दुमडून, स्टेपल मारून, पानं उलटत बघा. गोष्टीचा वेग स्क्रीनवर कळत नाही, पान उलटताना कळतो. मुख्य पात्रांची कॅरेक्टर शीटही आत्ताच करून भिंतीवर लावा: समोरून, बाजूने, पाठमोरं, उभं, बसलेलं, शेजारी उंचीची तुलना आणि कपड्यांचे रंग.

साधनं कुठली, यावर तासन्‌तास चर्चा होते. कमी साधनांत सुरुवात करा. कागदावर करणार असाल तर जलरंगांसाठी ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद, दोन-तीन गोल ब्रश, पाणी लागल्यावर न पसरणारी काळी शाई आणि कॅमलचे पोस्टर कलर एवढ्यावर दिवाळी अंक निघतो. डिजिटल करायचं तर क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर आणि साधा पेन टॅब्लेट पुरतो. आयपॅड आणि त्यावरचं प्रोक्रिएट हे ॲप सोयीचं आहे, पण पहिल्या कामाआधी कर्ज काढून घेऊ नका. आलेल्या मानधनातून घ्या.

छापखान्याशी दोस्ती

चित्र स्क्रीनवर पूर्ण होत नाही, कागदावर होतं. म्हणून फाइल पाठवताना थोडी शिस्त लागते. रंगीत चित्र छपाईच्या खऱ्या आकारात ३०० डीपीआय (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) हवं, नुसती काळी रेषा असेल तर ६०० किंवा त्याहून जास्त. चित्र पानाच्या कडेपर्यंत जात असेल तर चारही बाजूंनी निदान ३ मिलिमीटर जास्तीचं काढा. या जास्तीच्या भागाला ब्लीड म्हणतात, तो कापताना जातो. महत्त्वाचं काही कडेच्या अगदी जवळ ठेवू नका. दोन पानांवर पसरलेलं चित्र असेल तर मधल्या बांधणीत काही भाग गडप होतो, म्हणून चेहरा बरोबर मध्यावर आणू नका.

स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, छपाई चार शायांनी. झगझगीत निळा, पोपटी आणि केशरी छापताना मंद होतात. हे आधीच बघायचं तर फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे या चार शायांच्या रंगपद्धतीत, पाहून घ्या. मॅपलिथोसारखा चकाकी नसलेला कागद शाई शोषून घेतो, त्यामुळे गडद भाग आणखी गडद होतात आणि त्यातले तपशील बुडतात. अशा कागदासाठी सगळं चित्र थोडं उजळ ठेवा. बारीक काळ्या रेषा फक्त काळ्या शाईत राहतील असं बघा. चार शाया मिळून झालेली रेघ यंत्रावर केसभर जरी सरकली तरी तिला रंगीत झालर दिसते. शक्य असेल तेव्हा छपाईच्या दिवशी छापखान्यात जा. मशीनवरच्या माणसाला वेळेत चहा दिला आणि आदराने प्रश्न विचारले की तो तुम्हाला वर्षभराचं शिक्षण तासाभरात देतो.

मानधन आणि हक्क

आता ज्या विषयावर बोलायला आपल्याला संकोच वाटतो तो. आधी स्वतःचा दर काढा. समजा घर चालवायला महिन्याला ४० हजार लागतात. महिन्यातले तीसही दिवस चित्र काढण्यात जात नाहीत. वाचन, ईमेल, बदल, बिलं, काम शोधणं यात निम्मे जातात. म्हणजे पैसे आणणारे दिवस पंधरा. दिवसाला साधारण २,७०० रुपये. त्यात सामान, यंत्राची झीज, रिकामे महिने धरले की ३,५०० च्या आसपास जातं. रंगीत पूर्ण पानाला दोन दिवस लागत असतील तर ७ हजारांखाली तुम्ही पदरचे घालताय. दिवाळी अंक दर वेळी एवढं देतीलच असं नाही. तिथे काम करायचं की नाही, हे जाणीवपूर्वक ठरवा: वर्षातले किती दिवस आवडीच्या, कमी पैशांच्या कामाला द्यायचे, तो आकडा आधी ठरवून ठेवा.

मानधन सांगताना फक्त चित्राचे पैसे सांगू नका, वापराचे सांगा. ७ हजारांत ते चित्र एकदा, मराठी आवृत्तीत, पुस्तकाच्या आत छापायचं. तेच चित्र पुढे दिनदर्शिकेत, पिशवीवर किंवा हिंदी भाषांतरात वापरायचं असेल तर वेगळं बोलायचं.

कायदा काय सांगतो ते थोडक्यात. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. चित्रकाराचा हक्क हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. नोकरीत काढलेलं चित्र सहसा मालकाचं. फ्रीलान्सरचं सहसा फ्रीलान्सरचं, पण कायद्याच्या कलम १७ मध्ये एक फट आहे: कुणी पैसे देऊन पेंटिंग किंवा व्यक्तिचित्र करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क करून घेणाऱ्याचा. त्यामुळे ‘हक्क चित्रकाराकडे’ हे वाक्य लेखी असलंच पाहिजे. हक्क सोपवायचे तर लेखी करार आणि सही लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं कायदा धरून चालतो. आणि कलम ५७ प्रमाणे हक्क विकले तरी चित्राखाली आपलं नाव मागण्याचा आणि चित्राची मोडतोड करून आपल्या नावाला बट्टा लावण्याविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार राहतो.

वकिली भाषेचा बाऊ नको. मान्यतेच्या ईमेलमध्ये एवढं लिहिलं तरी बरंच काम होतं:

“नमस्कार मॅडम, आज फोनवर ठरल्याप्रमाणे पुस्तकासाठी १२ रंगीत चित्रं करून देईन. मानधन एकूण अमुक रुपये, त्यातले निम्मे काम सुरू करताना, उरलेले पक्की चित्रं दिल्यापासून ३० दिवसांत. कच्च्या चित्रांवर दोन वेळा बदल मानधनात धरले आहेत. मान्य झालेल्या कच्च्या चित्रात नंतर बदल झाल्यास त्याचं वेगळं मानधन. काम मधेच थांबल्यास झालेल्या टप्प्याचे पैसे. चित्रांचा वापर या पुस्तकाच्या मराठी छापील आवृत्तीपुरता, पाच वर्षांसाठी. इतर वापरासाठी वेगळी परवानगी. चित्रं कोणत्याही एआय प्रणालीच्या प्रशिक्षणासाठी देऊ नयेत. मूळ चित्रं आणि कॉपीराइट माझ्याकडे राहतील. श्रेयपानावर नाव द्यावं. हे मान्य असल्याचं कळवावं.”

उत्तरात ‘मान्य’ आलं की काम सुरू. हक्क कायमचे हवेत असं प्रकाशक म्हणाला तर मात्र ईमेलवर भागवू नका, सहीचा करार करा आणि आकडा कितीतरी वर न्या.

पैसे अडकतात, हे या धंद्यातलं नेहमीचं दुखणं. त्यावर एक कमी वापरलं जाणारं औषध म्हणजे उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद. ती सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, मध्यस्थाला पैसे देऊ नका. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद झाली की २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याचं संरक्षण मिळतं: लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज लागू होतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. बिलावर नुसता उद्यम क्रमांक छापला तरी पुष्कळदा आठवण करण्याची वेळ येत नाही.

कराचं थोडं. एका कंपनीकडून आर्थिक वर्षात ५० हजारांच्या वर व्यावसायिक मानधन मिळालं तर ती सहसा १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर) कापते. ते पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरताना हिशेबात येतात, फक्त आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या नावे त्याची नोंद दिसते का ते बघा. सेवा व्यवसायासाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा साधारणपणे वर्षाला २० लाखांची आहे. परदेशी ग्राहकांची कामं सुरू झाली की एखाद्या सीएकडे एकदा नीट बसा.

बदल आले की

बदल येणारच. संपादक, लेखक, प्रकाशक तिघं तीन गोष्टी सांगतात, म्हणून एकाच व्यक्तीकडून एकत्रित यादी मागायची. यादी वाचून लगेच उत्तर लिहू नका, रात्र जाऊ द्या. ‘काहीतरी कमी वाटतंय’ असा शेरा आला तर गोष्टीतल्या कुठल्या ओळीशी चित्र जुळत नाही ते विचारा. ओळीवर बोट ठेवलं की चर्चा आवडीनिवडीतून बाहेर पडते. संपादकाचं म्हणणं पटलं नाही तर दोन्ही प्रकारे छोटी चौकट काढून शेजारी शेजारी ठेवा. डोळ्यांना जे पटतं ते शब्दांनी वाद घालून पटत नाही.

शरीर, दिवस आणि कामाच्या नोंदी

सकाळच्या पहिल्या दोन तासांत फोन बंद ठेवून रचनेचं काम करा, रंग भरणं दुपारी ढकला. रंग भरताना गाणी ऐकली तरी चालतं, रचना करताना नाही. मनगट आणि मान सांभाळा, तिरकं टेबल घ्या किंवा पाट टेकवून तिरकं करा. जुलै ते सप्टेंबर कामाचा पूर येतो, तेव्हा रात्री जागून पाच अंक घेण्यापेक्षा तीन घ्या. दिवाळीनंतर महिना-दीड महिना शांत जातो. तो नव्या नमुन्यांसाठी आणि थकलेली बिलं वसूल करण्यासाठी राखून ठेवा. मूळ फाइल दोन ठिकाणी साठवा, त्यातली एक जागा घराबाहेरची असू द्या.

छापील पुस्तकाच्या किमान दोन प्रती करारातच मागून घ्या. एक जपून ठेवायची, दुसरी वापरायची. प्रत हातात आली की दिवसाच्या उजेडात खिडकीशी बसा, शेजारी स्क्रीनवर मूळ फाइल उघडा आणि पानापानाने ताडून बघा: कुठला रंग मंदावला, कुठे सावली बुडाली, बांधणीत किती गेलं, कापताना कडेला किती उरलं. छापखान्याचं नाव, कागद, जीएसएम आणि हे फरक एका वहीत लिहा. त्याच छापखान्याचं पुढचं काम आलं की रंग काढण्याआधी ते पान उघडा.